सात म्हणजे ऊठ

कमलनगरहून येणारी सकाळची जीप डोणवाडीच्या फाट्यावर थांबते, तेव्हा जीपमधल्या मंडळींना रोज एकच दृश्य दिसतं. एका खांद्याला कोथिंबीर-मिरचीची पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला ढोलकी अडकवून विमलबाई अंगणवाडीकडं तरातरा निघालेली असते. बाई अठ्ठावन्न वर्षांची, अंगानं शेवग्याची शेंग, आणि चाल अशी की समोरून येणाऱ्या शेळ्या आपण होऊन वाट सोडतात.

"विमलबाई, कुठं कार्यक्रम हाय आज?" जीपवाला रोज विचारतो.

"रोजच्याच जागी. येतूस का? हाताची घडी घालून खाली बसावं लागल."

जीपवाला गिअर टाकतो.

कर्नाटक सरकारच्या दरबारी विमलबाई ही अंगणवाडीची मदतनीस. मदतनिसानं केंद्र झाडावं, पाणी भरावं, अन्न-सांबार शिजवावं, लेकरांची नाकं पुसावीत आणि उरल्या वेळात टीचरच्या मागं उभं राहावं, असा नियम. या नियमात ढोलकी कुठंच बसत नव्हती. तीन वर्षं ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. यंदा माघात ती उद्धवरावांच्या ध्यानात आली.

उद्धवरावांची कमलनगरला आडत आहे, गावात बारा एकर रान आहे आणि अंगणवाडीच्या भिंतीला भिंत लागून घर आहे. पण गावात त्यांचं नाव आहे ते झोपेमुळं. सकाळचे सौदे उरकून साडेअकराला घरी यायचं, जेवायचं आणि ओसरीवरच्या बाजेवर आडवं व्हायचं. त्यांचं घोरणं सुरू झालं की गल्लीतल्या बाया म्हणत, "बारा वाजले गं, भाकरी बांधा." एवढी सार्वजनिक उपयोगाची झोप, आणि तिच्या उशाशीच एकोणीस लेकरं ढोलकीच्या ठेक्यावर बोंबलणार! पहिल्या वर्षी उद्धवरावांनी कानात कापूस घातला. दुसऱ्या वर्षी बाज परसात नेली, तर म्हशीनं झोपेत त्यांचं धोतर चघळलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी फक्त शिव्या दिल्या. चौथ्या वर्षी अर्ज केला. 'अंगणवाडी हाय का लग्नाचा मांडव?' हा अर्जातला मुख्य सवाल. त्या एकोणीस लेकरांत सगळ्यांत मोठ्यानं बोंबलणारी पिंकी ही आपलीच नात आहे, एवढं मात्र त्यांनी अर्जात लिहिलं नाही.

अर्ज वर गेला आणि वरून फोन खाली आला. तो घेतला विजयश्री टीचरनं. ही पोर हुमनाबादकडची, घरची भाषा कानडी, वय सव्वीस. मराठी तिला येत होतं, पण मराठीतलं बाई कोण आणि बुवा कोण हे तिचं अजून ठरत नव्हतं.

"अक्का," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम येतो. ढोलकी जातो."

"नीट सांगा टीचर. कोण येतो अन् कोण जातो?"

नीट सांगितलं ते असं. सुपरवायझर यल्लम्मा मॅडम सोमवारी पाहणीला येणार. ढोलकी शिकवण्यासाठी असेल, तर तिनं काय शिकवलं ते लेकरांनी त्यांना दाखवायचं. एक ते दहा आकडे शुद्ध कानडीत, नीट, ओळीनं. जमलं तर ढोलकी राहील. नाही जमलं तर मंगळवारपासून ढोलकी केंद्रात दिसता कामा नये. दिसली तर मदतनिसाला नोटीस आणि टीचरला पण नोटीस.

"मंग जमल की," विमलबाई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

"कसा जमल अक्का? आपली पोरं सात आला की उठतात!"

आता हे सात आणि उठणं काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं.

डोणवाडीची लेकरं घरी मराठी बोलतात. सहाव्या वर्षी पहिलीत जातात, तिथं मास्तर कानडी बोलतात. मधल्या काळात कानडी कुठून यावी? सरकारनं भिंतीवर तक्ता लावला होता. तक्त्यावर एकाशेजारी आंबा आणि दोनाशेजारी बदकं. लेकरांनी आंबा आणि बदकं पाठ केली, आकडे तिथंच राहिले. विमलबाईनं चार वर्षांपूर्वी हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती ढोलकी घेऊन आली आणि तिनं एक गाणं बांधलं, ज्याला शास्त्राचा कसलाही आधार नव्हता.

ओंदु म्हणजे एक. विमलबाईची पोरं ओंदु म्हटलं की कुणीतरी हाक मारल्यासारखी हात वर करून 'ओ' देतात. एरडु म्हणजे दोन; त्यात 'रडू' आहे, म्हणून दोन्ही मुठी डोळ्यांना लावून रडायचं. मूरुला मानेचा मुरका. नालकुला नाक धरायचं. ऐदुला ऐद्यासारखी जांभई द्यायची, आरुला कोंबड्यासारखं आरवायचं. मग ढोलकीवर एक सणसणीत थाप. एळु! सगळी पोरं ताडकन उभी. एंटुला ऐटीत खाली बसायचं, ओंबत्तुला डोळ्यांच्या बत्त्या उघडझाप करायच्या आणि हत्तुला नाकापुढं हात धरून हत्तीची सोंड हलवायची.

विजयश्रीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता. "अक्का, हत्तु म्हणजे दहा. हत्ती कशाला? कानडीत हत्ती म्हणजे कापूस. हत्तीला आम्ही आने म्हणतो."

"अन् आमच्यात आणे म्हंजे पैसे. टीचर, तुमच्या हत्तीचे पैसे करू नगा, माझ्या हत्तीचा कापूस करू नगा. लेकराला दहा आलं का न्हाई ते बगा."

दहा आलं होतं. महिन्याभरात सगळ्यांना आलं. विजयश्रीनं कपाळावरचा हात काढला आणि टाळ्या वाजवायला लावला.

बाकीच्या नऊ आकड्यांचे हावभाव विमलबाईनं मराठी कानानं शोधले होते. पण सात म्हणजे उठणं, हे मराठी कानाचं काम नव्हतं. कानडीत एळु म्हणजे सात, आणि एळु म्हणजेच ऊठ. एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ, आणि ते विमलबाईला शिकवले होते एका मास्तरांनी.

विमल तेव्हा सहा वर्षांची होती. मामा औरादच्या बाजारात हमाली करायचा, त्याच्याकडून तिनं कानडी आकडे पाठ केले होते आणि शाळेत जायच्या आधीच गल्लीत ऐट मिरवली होती. पहिल्याच दिवशी नवे मास्तर तिच्यापुढं येऊन उभे राहिले आणि बोट दाखवून म्हणाले, "एळु." विमलला वाटलं, पहिल्याच दिवशी आपली परीक्षा! ती बसल्या जागी फुलून म्हणाली, "सात!" मोठी पोरं हसली. मास्तरांना वाटलं, पोरगी आपली टिंगल करते आहे. ते ओरडले, "एळु!" विमलला वाटलं, मास्तरांना कमी ऐकू येतं. ती त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली, "सात!" दोन छड्या बसल्या. एक तळहातावर, एक पाठीवर. विमल पाटी घेऊन घरी गेली ती परत आलीच नाही. आईनं म्हटलं, बरं झालं, शेळ्या कोण राखणार होतं?

आपलं काय चुकलं, हे तिला चौदा वर्षं कळलं नाही. तोवर तिचं पिराजीशी लग्न झालं होतं. पिराजीची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या जयंतीपासून जूनपर्यंत या पार्टीला गावोगावची बोलावणी असत. पिराजीचा आवाज असा की तो समतेचं गाणं गायला लागला की भोंग्यातली चिमणी उडून जाई आणि गाणं संपेस्तोवर घरट्यात परतत नसे. राजेश्वर गावच्या जयंतीला पार्टीचा ढोलकीवाला नागेश तीस भजी खाऊन पोट धरून रानाकडं पळाला. मंडळी बसलेली, पेटी लागलेली, ढोलकी पोरकी. विमल बायकांत बसली होती. ती उठली, पदर खोचला आणि ढोलकी मांडीवर घेतली. रोज तीस भाकरी थापणारा हात होता तो. नवऱ्याची गाणी ती दोन वर्षं परातीवर वाजवत आली होती. त्या दिवशी टाळ्या पिराजीपेक्षा तिला जास्त पडल्या. पिराजी आठ दिवस फुगून होता. नागेशला मात्र परत कुणी बोलावलं नाही.

त्याच दौऱ्यात एका कानडी गावात पहाटे यजमान ओट्यावर आले आणि झोपलेल्या पिराजीला हलवून म्हणाले, "एळु, एळु." पिराजी डोळे चोळत उठला. शेजारी विमल बसूनच राहिली. चौदा वर्षांनी तिला मास्तरांचा प्रश्न कळला होता. तो प्रश्न नव्हताच. तिनं ढोलकीची दोरी अशी ओढली की चामड्याची पुडी टणकन वाजली.

तर असं हे सात. विमलबाईनं ते लेकरांच्या पायात बांधलं होतं, तोंडात नव्हे. डोणवाडीतून पहिलीत जाणाऱ्या कुठल्याही लेकराला मास्तर एळु म्हणाले तर त्याच्या तोंडातून काही येवो, त्याचे पाय उठले पाहिजेत, एवढाच तिचा हिशेब.

"पण मॅडमला काय सांगू?" विजयश्रीनं तांदळाचं ताट तिच्या हातातून ओढलं. "आकडे नीट म्हणायला पायजे. मध्येच पोरं उभा राहिली तर लिहिणार, शिस्त नाही. अक्का, तीन दिवस आहे. उठायचा बंद करू."

"करून बगा तुमी."

विजयश्रीनं करून बघितलं. शुक्रवारी तिनं लेकरांना हाताची घडी घालायला लावली. त्याचा फायदा झाला. रडणं थांबलं, मुरका थांबला, सोंडही दिसेनाशी झाली, कारण हातच बांधलेले. जांभई मात्र दोघांना खरीच आली. पण आरु झालं आणि एळु आलं, की एकोणीस लेकरं हाताची घडी घालून ताडकन उभी! आता तर ती कुठल्याशा पुढाऱ्याच्या स्वागताला उभी राहिल्यासारखी दिसत होती. शनिवारी तिनं एकमेकांचे खांदे धरायला सांगितले. सगळी रांग एकदम वर आली, आणि शेवटचा, सर्वांत धाकटा, लोंबकळत वर आला. मग तिनं पिंकीला म्हटलं, "तू शाणी हाय ना? तू नाय उठायचा."

पिंकीनं स्वतःच्या मांड्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या. ओंदु, एरडु, मूरु… तिचा चेहरा लाल झाला. एळु आल्यावर ती बसूनच उडी मारल्यासारखी वीतभर वर उडाली आणि धपकन खाली आदळली.

"टीचर," ती कळवळून म्हणाली, "मी न्हाई उठायले, पाय उठायल्यात."

शेवटी विजयश्रीला एक युक्ती सुचली. सहानंतर सरळ आठ म्हणायचं. मॅडम घाईत असतात, सात गेल्याचं कळणारही नाही.

तेव्हा मात्र विमलबाई शेगडीपुढून उठली. तिनं गॅस बंद केला. विमलबाई गॅस बंद करून बोलते तेव्हा गोष्ट गंभीर असते; ते सिलिंडर वाचवण्यासाठी नसतं.

"टीचर, सात गाळायचं न्हाई. दहातला सात म्या शाळेत ठिऊन आले, तो परत आणायला मला जलम लागला. मॅडम ढोलकी न्हेतील तर न्हेऊ द्या. सात न्हाई द्यायची."

"आणि नोटीस?"

"नोटिशीत लिवा म्हणावं, मदतनीस हट्टी हाय. मी आंगठा न्हाई, सही करते. साक्षरतेच्या वर्गात शिकलेव."

घरी पिराजीनं वेगळाच सूर लावला. पुढचे चार दात गेल्यापासून त्याच्या बोलण्यात 'स' आला की शिट्टी वाजते. "स्सोड की नाद," तो म्हणाला. "पार्टीची ढोलकी हाय ती. ऱ्हाऊ दे घरलाच. खुंटीला टांगू. लेकरं सात शिकली काय अन् साडेसात शिकली काय."

"खुंटीला तुमाला टांगते. ढोलकीला काम हाय."

पिराजीनं पेटीचा भाता एकदा उघडला आणि मिटला. त्याच्या घरात अशा वादांचा निकाल पंचेचाळीस वर्षं... नाही, इतकी वर्षं झाली नव्हती, पण पिराजीला तेवढी वाटत होती... एकाच बाजूनं लागत आला होता.

सोमवारी सव्वाअकराला यल्लम्मा मॅडम स्कूटीवरून आल्या. उंच बाई, खांद्याला पिन केलेली इस्त्रीची साडी, हातात फाईल आणि फाईलला बांधलेला लाल पेन. त्यांनी आल्याआल्या पाण्याच्या माठात डोकावलं, वजनकाट्यावर पाय देऊन पाहिला, काट्यानं जो आकडा दाखवला त्यावर नाराज झाल्या आणि खुर्चीवर बसल्या. ढोलकी कुठं आहे? विजयश्रीनं कपाटावर बोट केलं. राहू दे तिथंच. मदतनीस कुठं आहे? स्वयंपाकघरात. राहू दे तिथंच.

लेकरं हाताची घडी घालून बसली होती. ढोलकीवाचून त्यांचे आवाज पेंगुळल्या माश्यांसारखे निघाले. "ओंदु… एरडु… मूरु…" मॅडम मान हलवत होत्या. "नालकु… ऐदु… आरु…"

"एळु!" आणि एकोणीस लेकरं उभी.

मॅडम दचकल्या. त्यांना वाटलं, दारात कुणी मोठा साहेब आला. त्यांनी वळून पाहिलं. दारात कोंबडी होती.

"कुंदर्री," त्या म्हणाल्या. बसा. लेकरं बसली. पुन्हा म्हणा. पुन्हा ओंदुपासून एळुपर्यंत, आणि पुन्हा सगळी उभी. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः बोट नाचवत मोजून घेतलं. तिसऱ्यांदाही तेच. लाल पेनाचं टोपण निघालं. विजयश्रीच्या घशातून 'मॅडम, ते… मॅडम, ती…' एवढंच बाहेर येत होतं. कानडीतसुद्धा तिचं बाई-बुवा चुकायच्या बेताला आलं होतं.

'मुलांना सहाच्या पुढं मोजता येत नाही,' मॅडमनी लिहायला घेतलं, आणि तोंडानंही म्हटलं.

स्वयंपाकघरात पळी टाकल्याचा आवाज झाला. विमलबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या मुठीत चिंचोके होते.

"मॅडम, माफी करा. तोंडानं म्हणाया लावू नगा. हे घ्या. तुमी एक शब्द बोलू नगा, टीचर बोलणार न्हाईत, मी बी न्हाई बोलत. ह्या फाईलीवर एकेक ठिवा."

"तुम्हाला बाहेर कुणी बोलावलं?"

"कुणीच न्हाई. सांबार उतू जायलंय, बिगी करा."

उतू जाणाऱ्या सांबारात असं काही आहे की सुपरवायझरसुद्धा हुज्जत घालत नाही. मॅडमनी चिंचोके घेतले. फाईल मांडीवर आडवी केली आणि एक चिंचोका ठेवला. दुसरा. तिसरा. लेकरं माना पुढं काढून बघायला लागली. चौथा, पाचवा. कुणी हूं की चूं केलं नाही. सहावा ठेवला तसे काही पाय वळवळले. मॅडमनी सातवा ठेवला.

एकोणीस लेकरं उभी राहिली. बिनआवाजी.

मॅडमनी चिंचोक्यांकडं पाहिलं, लेकरांकडं पाहिलं. मग हळूच एक चिंचोका उचलला. लेकरं बसली. परत ठेवला, उठली. मॅडमनी सगळे उचलून घेतले आणि एकदम तीन ठेवले. लेकरं बसूनच. मग त्यांत एकदम आणखी चार. पिंकीची बोटं भराभरा हलली, आणि ती उठली, तिच्यामागं बाकीची. आता यल्लम्मा मॅडमना चेव आला. त्यांनी सहा मांडले आणि सातवा चिमटीत धरून फाईलीवर अधांतरी ठेवला. लेकरं गुडघ्यात वाकून अर्धी उठली. मॅडमनी हात वर नेला, लेकरं खाली गेली. हात खाली आला, लेकरं वर. मॅडमच्या ओठांच्या कडा थरथरायला लागल्या. त्यांनी सातवा चिंचोका गपकन मुठीत मिटला. पिंकीला तोल सावरता आला नाही, ती पुढच्या पोरावर पडली, तो पुढच्यावर, आणि अख्खी अंगणवाडी चटईवर लोळली. मॅडम हसल्या. आधी नाकानं, मग तोंडानं, मग फाईल बाजूला ठेवून.

"एळु," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एळु… एळु. अय्यो! पन्नास वर्षं बोलते आहे मी ही भाषा. सात आणि ऊठ एकच आहे, हे कधी मनातच आलं नाही." मग त्या विमलबाईकडं वळल्या आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हा तुम्हाला कोण शिकवला?"

"एका मास्तरनं," विमलबाई म्हणाली. "दोन छड्या देऊन."

 मॅडमनी तिच्या तळहाताकडं पाहिलं, जणू छडीचा वळ अजून दिसेल. मग त्यांनी कपाटाकडं बोट केलं. "ती खाली काढा. आता दहापर्यंत ऐकू द्या."

ढोलकी खाली आली. लेकरांनी हात सोडले. काय रडली, काय मुरडली, काय आरवली! त्या 'एळु'ची थाप अशी पडली की वजनकाट्याचा काटा हलला.

तरी अर्ज होताच. मॅडम फाईल घेऊन शेजारी उद्धवरावांच्या ओसरीत गेल्या. बरोबर विजयश्री होती आणि बोलावलं नसताना विमलबाई, ढोलकी आणि एकोणीस लेकरं. उद्धवराव नियमाप्रमाणं बाजेवर होते. उताणे, तोंड उघडं, घोरणं भरात.

"आबाला उठवू का?" पिंकीनं विचारलं.

"तू नगं," विमलबाई म्हणाली आणि ढोलकीवर हळूच बोटं फिरवली.

एक थाप. झोपेतच उद्धवरावांचा हात जरासा वर झाला. दुसऱ्या थापेला तोंड वाकडं झालं. तिसरीला मान हलली. चौथीला त्यांनी नाक चोळलं. पाचवीला भलीमोठी जांभई. सहावीला घोरण्यात कोंबड्याचा सूर मिसळला की काय, याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत. पण सातव्या थापेबद्दल नाहीत. सातव्या थापेला उद्धवराव बाजेवर ताडकन उठून बसले. डोळे मिटलेलेच.

"मुंद?" मॅडमनी हळूच विचारलं. पुढं?

"एंटु," उद्धवराव झोपेतच म्हणाले आणि ऐटीत मांडी घातली.

लेकरांचा एकच गलका झाला. उद्धवरावांनी डोळे उघडले. समोर सरकार उभं होतं. आयुष्यभर कानडी कधी शिकले नव्हते ते उद्धवराव चार वर्षांत भिंतीपलीकडून, कापसातून गळून आलेल्या ठेक्यावर आठापर्यंत पोचले होते.

"काय लिहू तुमच्या अर्जावर?" मॅडमनी विचारलं.

उद्धवरावांनी विमलबाईकडं पाहिलं. "बया," ते म्हणाले, "फी न भरता मलाबी बसवलंस व्हय वर्गात!" मग धोतर सावरत त्यांनी मॅडमना सांगितलं, "लिवा, तक्रार न्हाई. पर मी झोपल्यावर तेवढं सात जरा हळू म्हणा म्हणावं."

"ते न्हाई जमायचं अण्णा," विमलबाई म्हणाली. "बाकीचे हळू म्हणते. सात न्हाई."

जूनमध्ये शाळा भरली. पहिलीच्या दाराशी पाच लेकरं गेली, त्यांत पिंकी. अंगणवाडी आणि शाळा यांच्यात एक कडुनिंब आहे. त्या दिवशी विमलबाईनं तांदूळ निवडायला कडुनिंबाखालीच बैठक मांडली; आत म्हणे उजेड कमी होता.

नवे मास्तर वर्गात आले. सिद्धराम नाव, धारवाडकडचे, तरुण, मराठीचा एक शब्द न येणारे. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती पिंकीवर थांबली. त्यांनी बोट दाखवलं.

"एळु."

कडुनिंबाखाली तांदळावरचा हात थांबला.

पिंकी ताडकन उभी राहिली. आणि उभी राहिल्यावर, मास्तरांना कसली शंका राहू नये म्हणून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सात!"

मास्तर क्षणभर गोंधळले. मग हिंदीतलं सात आठवून त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं, त्यांचं तोंड उघडं राहिलं, आणि ते हसले. "हौदु," ते म्हणाले. बरोबर आहे. "हेसरेनु?" नाव काय?

पिंकीनं नाव सांगितलं. मग कुणी न सांगताच तिनं ऐटीत खाली बसून घेतलं, कारण सातानंतर आठ येतो.

कडुनिंबाखाली विमलबाईनं तांदळाचं ताट उलटं करून मांडीवर घेतलं. तांदूळ सगळे खाली सांडले. त्याचं तिला काही नव्हतं. तिनं उलट्या ताटावर एकच थाप दिली.